घशातला तुकडा

९ फेब्रुवारी, सोमवार

आज तपासणीसाठी घशातला तुकडा काढला. भूल फक्त घशापुरती. कडू फवारा मारला — जीभ, पडजीभ, सगळं दुसऱ्या कुणाचं झाल्यासारखं. नाकातून नळी. डॉक्टरीणबाईंचं आपलं, "आंटीजी, बस दो मिनट!" दोन कसली, दहा झाली. तुकडा बाटलीत टाकला तेव्हा बाटलीवरचं नाव मी वाचून घेतलं. डॉक्टरीणबाई हसल्या. हसू देत.

मग संघदीपशी इंग्रजीत बोलत बसल्या. मुलगा माझा, घसा माझा, अन् बोलणं त्यांचं!

दोन तास पाणीसुद्धा नाही. थुंकीत रक्ताची तार.

१५ फेब्रुवारी, रविवार

सूनबाई सुरभी एरवी तिखटावरून मला सुनावते. काल म्हणाली, "आई, तुम्हाला आवडतं ते खा ना." तेव्हाच मनात पाल चुकचुकली.

आज संघदीपला विचारलं, रिपोर्ट? "अगं, लॅबवाल्यांचं सर्वर डाउन आहे." वर हातात गरम जिलेबी!

हे सगळं मी केलंय. तीन वर्षांपूर्वी ह्यांना घशाचाच कॅन्सर निघाला. मी आधी म्हटलं, "डॉक्टर सुट्टीवर आहेत हो." मग, "साधं इन्फेक्शन आहे." कंपाउंडरलाही पढवून ठेवलं होतं. हे नुसती मान डोलवायचे. काही न कळता गेले, तेवढंच बरं — असं म्हणत दिवस काढते आहे.

घरात ही रीत मीच पाडली. मला कोण फसवणार?

१८ फेब्रुवारी, बुधवार

भाजीला जाते म्हणून लॅबमध्ये गेले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "रिपोर्ट तो भैया शनिवार को ही ले गए, आंटीजी." आधारकार्ड पुढे केलं. दुसरी कॉपी दे, बेटा.

रिक्षात वाचली. कार्सिनोमा. अर्थ कळला, तरी खात्री हवी. घरी येऊन डिक्शनरी काढली. हिच्यातूनच एकेक अक्षर लावत मी इंग्रजी शिकले. हे गेल्यापासून उघडली नव्हती.

१९ फेब्रुवारी

काल पुढे लिहवेना.

डिक्शनरीत त्या शब्दाखाली लाल रेघ आहे. सांवेर रोडच्या कारखान्यातली ह्यांची पेन्सिल. शेजारी तारीख — कामावर टाकायचे तशी. मी "साधं इन्फेक्शन" म्हटलं, त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

माझ्यासाठी मान डोलवत होते हे, माझे चांगदेव.

संघदीपला हाक मारली. म्हटलं, जिलेबी नको. फाइल आण, अन् सुरभीलाही बोलाव.