नापास आजींचं कमिशन

ती. सौ. जाऊबाईंना धाकटीचा नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. भाऊजींची पाठ आता बरी आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. त्यांना म्हणावं, कपाट आधी रिकामं करतात आणि मग हलवतात. आमच्याकडे सगळे ठीक. यांचा खोकला गेला, खोकायची सवय तेवढी राहिली आहे. आईंच्या तब्येतीची मी चौकशी करत नाही, कारण त्या 'इथे छान रमल्यात' असं तुम्हीच लिहिलंय. ('आई' म्हणजे अर्थात आपल्या सासूबाई. माझी आई कुठेच रमत नाही.) या रमण्याबद्दल मला थोडं बोलायचं आहे, पण आधी तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर देते, नाहीतर म्हणाल, धाकटीला कामाचं विचारलं की ती भलतंच सांगते.

तुम्ही विचारलंत, की दुसऱ्याच्या दुकानातली वस्तू आपण लोकांना सुचवायची, कुणी ती आपण दिलेल्या लिंकवरून घेतली की दुकानानं आपल्याला कमिशन द्यायचं, या धंद्यात यश कसं मिळवतात ते सविस्तर कळव. सविस्तर म्हणालात ना, आता भोगा. पहिली गोष्ट अशी, की हा धंदा फुकटचा नाही. दंतवैद्यांनी दवाखाना बंद केला आणि माझी स्वागतखिडकीतली नोकरी गेली, तेव्हा मला वाटलं होतं की आता घरी पाय पसरून बसायचं, फोनवर दोन बोटं फिरवायची आणि पैसे आपले येत राहतील. आले नाहीत. एका लिंकमागे मिळतं ते इतकं थोडं, की दात कोरून पोट भरत नाही ही म्हण दवाखान्यात इतकी वर्षं बसूनही मला कळली नव्हती ती इथे कळली. तेव्हा धीर असेल तरच यात उतरा. आणि मला धीर आहे, जाऊबाई, हे तुम्हाला पुढे समजेलच.

दुसरं, एकच विषय धरा. मी सुरुवातीला जे दिसेल ते सुचवत सुटले. बूट, दुर्बीण, बागेला पाणी सोडायचं घड्याळ (आमच्याकडे बाग नाही), कुत्र्याचं अंथरूण (कुत्राही नाही). एक ना धड भाराभर चिंध्या. मग एक दिवस विचार केला, की दवाखान्याच्या खिडकीत मी काय करत होते? लोक येऊन काय विचारतात ते ऐकत होते. 'दुखेल का' हे सगळे विचारायचे, 'यंत्र कोणत्या कंपनीचं' हे एकानंही कधी विचारलं नाही. इथेही तसंच. 'उत्कृष्ट दर्जाची बाटली' असं काही कुणी शोधत नाही, 'बाटलीचं झाकण उघडत नाही काय करू' असं शोधतात. तेव्हा वस्तूचं नाव मागाहून, लोकांचा प्रश्न आधी. ही एवढी ओळ कुठेतरी लिहून ठेवा, बाकी पत्र हरवलं तरी चालेल.

तिसरं, आणि हे मी कळवळून सांगते, नातेवाइकांना यातून लांब ठेवा. मी हौसेनं घरच्या सगळ्यांना लिंक पाठवली. यांचे मामा, ज्यांना दलाल या शब्दाचा लहानपणापासून राग आहे, त्यांनी मी सुचवलेली शेकायची गरम पाण्याची बाटली लिंकवर पाहिली, चपला घातल्या, बाजारात जाऊन तीच बाटली दुकानातून घेतली आणि मला तिचा फोटो पाठवला. वर लिहिलं, 'तुझं बघून घेतली, छान आहे, आशीर्वाद.' आशीर्वादावर दुकान कमिशन देत नाही. यांची चुलतबहीण तर मामांच्याही वर. तिनं माझ्या विक्रीचा आकडा वाढावा म्हणून लिंकवरून भराभर सगळं मागवलं आणि आठवड्यानं तितक्याच भराभर सगळं परत केलं. आलेलं कमिशन परत गेलं ते गेलंच, वर दुकानानं विचारलं, तुमच्या वस्तू एवढ्या परत का येतात? आणि शेवटी आमचे हे. यांना बायकोचं फार कौतुक. कचेरीतून, मला न सांगता, माझ्याच लिंकवरून घराच्याच पत्त्यावर इस्त्री मागवली. स्वतःच्या घरात स्वतःच्या लिंकवरून काही घ्यायचं नसतं हा या धंद्याचा नियम आहे, तो मी वाचला होता, यांनी नव्हता. अकाउंट गोठलं. मग मी दुकानाला लांबलचक माफीपत्र लिहिलं, त्यात 'माझे पती प्रेमळ आहेत' असं वाक्य होतं. बहुतेक त्या वाक्यावरच अकाउंट परत मिळालं. तेव्हा नियम आधी वाचा, आणि मोठ्यानं वाचा, म्हणजे घरातल्या प्रेमळ माणसांच्याही कानावर पडतील.

आता मुख्य. चौथी गोष्ट म्हणजे खरं बोलणं. हे मी स्वतःहून शिकले असते तर तुम्हाला ऐटीत सांगितलं असतं. झालं असं, की बरणीचं झाकण उघडायच्या एका साधनाचा व्हिडिओ मी करत होते. जाहिरातीतल्या बायकांसारखा गोड आवाज काढून मी त्याची इतकी स्तुती करत होते, की माझं मलाच कसंतरी होत होतं. तेवढ्यात आई मागून आल्या, ते साधन माझ्या हातातून घेतलं, आपल्या वाकड्या झालेल्या बोटांनी दोनदा फिरवून पाहिलं, टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "माझ्यानं उघडत नाही. तुला फसवलंय." आणि पाणी प्यायला निघून गेल्या. मी पुन्हा नीट व्हिडिओ केला. पण चढवताना चुकून पहिलाच चढवला, उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात तसं माझं बोट लागलं. सकाळी उठून बघते तो लोकांनी रांग लावलेली. एकच प्रश्न: मग आजींच्यानं कोणतं उघडतं?

तिथून गाडी रुळावर आली. आपला विषय ठरला, वय झालेल्या हातापायांना सोसतील अशा वस्तू. मी वस्तू मागवायची, आईंनी ती वापरायची आणि मग निकाल द्यायचा. त्यांनी किती वस्तू नापास केल्या ते सांगत बसत नाही, पण लोकांनी त्यांचं नाव 'नापास आजी' ठेवलं. मानेची एक उशी आली होती, तिच्यावर रात्रभर डोकं ठेवून सकाळी म्हणाल्या, ही उशी ज्यानं केली त्याला मान नसावी. न्हाणीघरात घालायची एक चटई मात्र पास केली. तीही सहज नाही. ओल्या चटईवर अर्धा तास उभ्या राहिल्या, मी शेजारी हात पसरून, पडल्या तर धरायला. त्या चटईच्या लिंकवरून जेवढं मिळालं तेवढं आधीच्या सगळ्या स्तुतीतून मिळालं नव्हतं. आणि व्हिडिओच्या सुरुवातीलाच, ही वस्तू घेतली तर आम्हाला कमिशन मिळतं, हे आम्ही स्पष्ट सांगतो. मला वाटलं होतं लोक पळतील. उलट बसले. लपवलं की माणूस पळतो, दवाखान्यातही सुई पाठीमागे धरणाऱ्या डॉक्टरलाच पोरं घाबरतात.

इथपर्यंत तुमच्या प्रश्नाचं उत्तर झालं. आता त्या रमण्याबद्दल.

आई तुमच्याकडे पंधरवड्यासाठी म्हणून आल्या. पंधरवडा कधीच उलटला. त्या गेल्यावर मी हात टेकले नाहीत. स्वतः वस्तू वापरून पाहिल्या, पण माझी बोटं सरळ, माझ्यानं सगळीच झाकणं उघडतात, माझ्या मताला कोण विचारतो? मग शेजारच्या आजींना आणून बसवलं. स्वभावानं इतक्या गोड की त्यांना सगळंच आवडतं. कंबरेला बांधायचा पट्टा त्यांनी डोक्याला बांधला आणि म्हणाल्या, छान ऊब आहे हो. व्हिडिओखाली लोक विचारतात, आमच्या आजी कुठे आहेत, बऱ्या आहेत ना? काय सांगू? जाऊबाईंकडे रमल्यात?

त्यात दंतवैद्यांनी नवा दवाखाना काढलाय. परवा त्यांचा फोन आला, खिडकी तुमचीच आहे, पुढच्या महिन्यापासून या, काय ते लवकर कळवा. माणूस चांगला आहे, जागा घराजवळ आहे, हे म्हणतात तुझं तू ठरव. मी ठरवलंय. मला त्या खिडकीत परत बसायचं नाही. 'बसा, नाव सांगा, पुढचे कोण' यात माझं अर्धं आयुष्य गेलं, जाऊबाई, आणि त्यात कुणाला माझं मत एकदाही लागलं नाही. आत्ता कुठे मी एक गोष्ट हातानं उभी केली आहे आणि ती मला मोडू द्यायची नाही. मागच्या खोलीतल्या जुन्या गाद्या काढून तिथे मी पांढरा पडदा लावलाय, वस्तू ठेवायला फळ्या मारून घेतल्यात, खिडकीतून दुपारी बरोबर टेबलावर उजेड येतो. सगळं मांडून तयार आहे. फक्त समोरची खुर्ची रिकामी आहे आणि ती बघितली की मला चैन पडत नाही. धंद्यासाठी म्हणते, असं समजू नका. म्हणजे धंद्यासाठीही म्हणते, पण दुपारचा चहा मी अजून दोन कप टाकते आणि दुसरा ओतून देते, त्यात धंदा नाही.

भाऊजींना नमस्कार, मुलांना पुष्कळ पुष्कळ आशीर्वाद. पाठीला गरम शेक द्या, बाटली बाजारातून घ्या.

तुमची,
धाकटी

ता. क. आता स्पष्टच लिहिते. तुमच्या पत्रात तुम्ही चेहऱ्यावर उजेड पाडणारा तो गोल दिवा कोणता घ्यावा, फोन उभा धरायची काठी कोणती घ्यावी, आणि 'बोलणाऱ्या व्यक्तीचे केस पांढरे असतील तर मागचा पडदा कोणत्या रंगाचा' हेही विचारलंय. जाऊबाई, तुमचे केस काळे आहेत. भाऊजींना केस नाहीत. दात दुखत नाही म्हणणाऱ्याचा सुजलेला गाल मी दारातूनच ओळखत आले आहे. तुम्हाला धंदा काढायचा आहे, जरूर काढा, मी वर सगळं काही न लपवता लिहिलंय. पण आईंना परत पाठवा. हीच माझी विनंती आहे आणि एवढी पानं मी त्याच्यासाठीच लिहिली. तिकीट मी काढते, यांना न्यायला पाठवते. यांना मी सांगितलं तर म्हणाले, दोन सुना सासूसाठी भांडतात हे कुणाला सांगू नकोस. मी शेजारणीला आधीच सांगितलं होतं. तिनं दोनदा विचारलं, ठेवून घ्यायला की पाठवून द्यायला?

दुसरा ता. क. पाकीट चिकटवणार तोच आईंचा फोन आला. जाऊबाई, मला माफ करा. मी तुम्हाला चोर ठरवलं. ते पत्र त्यांनी सांगितलं आणि तुम्ही उतरवून घेतलंत, आणि नाव सांगायचं नाही अशी शपथ घातली होती म्हणे. प्रश्न आईंचेच होते. दिवा त्यांना हवा आहे. त्या म्हणाल्या, "तुझ्या घरात व्हिडिओसाठी मी कितीही बसले तरी ते काम तुझं होतं गं. घर आधी तुझ्या सासऱ्यांच्या नावाचं, मग मुलांच्या. मला एक काहीतरी माझ्या नावावर करायचंय. तुला वाईट वाटेल म्हणून विचारलं नाही." मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. एवढे दिवस मी त्यांना वस्तू कशी आहे ते विचारत आले, आणि त्यांना काय हवंय ते विचारलंच नाही. मग मी म्हटलं, आई, तुमच्या नावाचं अकाउंट मी स्वतः उघडून देते, सगळे नियम वाचून देते, पण मग माझं काय? तर त्या म्हणाल्या, "तू माझ्याकडे कामाला ये. पगाराचं घरी बसून बोलू. गुरुवारी येतेय मी." नोकरीचा होकार देताना मला याआधी कधी रडू आलं नव्हतं. दंतवैद्यांना मी येत नाही म्हणून कळवून टाकलं आहे. त्यांनी विचारलं, दुसरीकडे लागलात का? मी म्हटलं, हो, सासूबाईंच्या हाताखाली.