जाऊबाईंच्या मळ्याची कडा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा भाजीमळा, लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, कान निम्मे शाबूत आहेत आणि गुडघ्यांबद्दल विचारू नये. हे मी कोणाच्याही दडपणाखाली लिहीत नाही. मला दडपणाखाली आणणे आजवर कोणाला जमलेले नाही. जावयांनी प्रयत्न करून पाहिला आहे.

कलम १. राहते घर, बँकेतील ठेव आणि शिवणयंत्र मुलीला. जावयांना सल्ला देण्याची हौस आहे, म्हणून त्यांना माझी आरामखुर्ची. बसून सल्ला देणारा माणूस निदान दुसऱ्याच्या पायात येत नाही.

कलम २. फवारणीचा पंप, हातगाडी आणि सगळी खुरपी पुतण्याला. माझ्या धाकट्या जाऊबाईंचा मुलगा असूनही तो कामसू आहे. माझा कुकर कित्येक वर्षे जाऊबाईंकडे आहे, तो त्यांना दिला असे आजपासूनच समजावे. त्याची शिट्टी मी मुद्दाम ठेवून घेतली होती, तीही आजच द्यावी.

कलम ३. वाटेविषयी. नियोजन समितीने लोकांना फिरण्यासाठी नदीच्या बांधावरून पायवाट आखली आहे. पुलापासून ती बांधाच्या माथ्यावरून येते. आमच्या इथे बांध खचला आहे, म्हणून ती खाली उतरते, आधी माझ्या आणि मग जाऊबाईंच्या मळ्याच्या कडेने जाते आणि पुन्हा वर चढते. पहिल्या बैठकीला मी विरोध करायलाच गेले होते. लोक टोमॅटो तोडतील, त्यांची कुत्री वाफे तुडवतील, सगळे तोंडपाठ होते. पण जाऊबाई माझ्याआधी उठल्या आणि नेमके तेच बोलल्या. त्यांच्या सुरात सूर मिसळण्याची आमच्याकडे पद्धत नाही. मी वाटेच्या बाजूने हात वर केला.

मग हट्टाची हळूहळू आवड झाली. आखणी करणाऱ्या बाईंबरोबर मी खुंट्या ठोकत हिंडले, वाफे वाचावेत म्हणून वाट थोडी बांधाकडे सरकवून घेतली आणि माझ्या मळ्याची कडा लिहून दिली. जाऊबाईंनी दिलेली नाही. महिनाअखेरपर्यंत त्यांची संमती आली नाही तर समिती वाट पलीकडच्या काठाने नेणार आहे. स्पष्टच सांगते, मला याचे फार वाईट वाटते. रस्त्याने जाऊबाईंच्या मळ्यातल्या घरी जायचे तर मोठा वळसा आणि चढ पडतो, तो आता मला झेपत नाही. वाट झाली तर जाता येईल. भांडायचे झाले तरी समोर माणूस लागतो.

कलम ४. म्हणून माझा मळा विहिरीसह जाऊबाईंना देते. अट एकच, त्यांनी वाटेला कडा द्यावी. मला मरण महिनाअखेरपर्यंत येईलच अशी खात्री नसल्याने वकिलांनी हे कलम त्यांना आजच वाचून दाखवावे.

पुरवणी, आजचीच. वकील वाचून दाखवायला गेले आणि जाऊबाईंनाच घेऊन आले. त्यांनी चष्मा लावून सगळा कागद वाचला, शुद्धलेखनाच्या चुका काढल्या. दुसरे साक्षीदार म्हणून बोलावलेले दूधवाले आलेच नव्हते. जाऊबाईंनी पेन मागितले. वकिलांनी समजावले की जो साक्षीदार होतो त्याला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, मळा हातचा जाईल.

"मग बरंच झालं," त्या म्हणाल्या. "ताईंनी मरून दिलेला मळा मला नको."

सबब कलम ४ रद्द. मळा पुतण्याला. वकील म्हणाले, पुन्हा विचार करा. मी म्हटले, त्यांनी पेन उघडलेसुद्धा, यात माझे आता कोण ऐकणार?

ठिकाण: माझ्या स्वयंपाकघरातले टेबल. दिनांक: बारा नोव्हेंबर, संध्याकाळ.

सही: थोरली जाऊ.

साक्षीदार पहिल्या: आखणी करणाऱ्या बाई.

साक्षीदार दुसरी: धाकटी जाऊ. वाचून सही केली. वाटेचं संमतीपत्र उद्या सकाळी देते. पण ताई गेल्यावर त्या वाटेनं माझ्याकडे यायचं कोणी, ते या कागदात कुठेच लिहिलेलं नाही.