गळा दाटण्याची तालीम

रविवार, १४ जून. गुंगालिन

किळस आलीय नुसती. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या प्रार्थनेला पाद्री नसतो. सगळे गप्प बसतात, आतून शब्द आले तरच उठून बोलायचं. अठराव्या शतकातल्या त्यांच्या एका बाईची रोजनिशी वाचतेय. शब्द आले नाहीत तर ती बिचारी मुकाट घरी परतायची. आणि हा आमच्या ऑफिसातला ग्रेग! सकाळी प्रार्थनेला जाताना माझ्याच गाडीत त्याने आपलं सगळं बोलणं घोकलं, ‘माय मदर’ म्हणताना गळा दाटण्यासकट. तिथे उभा राहिला आणि बरोब्बर ‘माय मदर’लाच गळा दाटला! शेजारची म्हातारी ढसाढसा रडली. शी!

परतताना मला विचारतो, “कसं वाटलं, मेट?”

“ब्युटिफुल,” मी म्हटलं. तेही तालमीशिवाय.