फांदी अजून का निघाली नाही, याबद्दल

तीर्थरूप दादा,

साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे आठांपैकी दोन अंगं यंदा वाकत नाहीत, तेवढी सूट असावी). तुमचे गुडघे कसे आहेत? कानाचं यंत्र लावता की अजून डब्यातच आहे? डब्यात असेल तर राहू द्या, कारण या पत्राचं उत्तर मला लेखीच सोसेल. लेकीला आणि जावयांना आशीर्वाद. आम्ही ठीक आहोत, म्हणजे तुमची भावजय ठीक आहे आणि मी वैतागलेलो आहे.

तुमचं तिसरं स्मरणपत्र पोचलं. परसातल्या तुमच्या नासपतीची फांदी हवी. पेन्सिलीच्या जाडीची, गेल्या वर्षी वाढलेली, चार डोळ्यांची, ओल्या फडक्यात गुंडाळलेली, आणि डोळे उमलायच्या आत. लेकीच्या अंगणातली नासपती एकटी आहे, फुलते पण फळत नाही, म्हणून तिच्यावर आपल्या झाडाचं कलम बांधायचंय, हेही समजलं. काम साधं आहे हे मला मान्य आहे. तीस वर्षं बस डेपोत गाड्यांची वेळापत्रकं लावणाऱ्या माणसाला एक फांदी वेळेवर रवाना करता येऊ नये, हे तुम्हाला पटत नाही. मलाही पटलं नसतं. पण या नासपती नावाच्या प्रकरणाने माझा जो छळ मांडलाय, तो मुळापासून सांगितल्याशिवाय तुम्हाला कळायचा नाही.

आधी माझ्या झाडाचं सांगतो (तुमच्या झाडावर येतोच). तुम्ही लेकीकडे राहायला गेलात त्याआधी ते दर वर्षी दोन-तीन टोपल्या फळं द्यायचं, आठवतंय ना? तुम्ही गेल्यापासून तीन हंगाम झाले, एक फळ नाही. फुलं मात्र अशी, की झाड पांढरंफेक दिसतं. आणि त्या फुलांचा वास! एवढी देखणी फुलं आणि वास शिळ्या मासळीचा. हा वास माश्यांना बोलावण्यासाठी असतो असं तुम्ही सांगायचात. माश्या येतात, दादा. निमंत्रण नसलेले पाहुणेही येतात. फळ तेवढं येत नाही.

मग सल्लागार सुरू झाले. डेपोतल्या मेकॅनिकने सांगितलं, बुंध्यात लोखंडी खिळा ठोका. ठोकला. अंगठ्यावर. माझ्या मेव्हण्याने सांगितलं, झाडाला धाक दाखवायचा, कुऱ्हाड घेऊन समोर उभं राहायचं आणि खडसावायचं. मी तेही केलं. वीस मिनिटं मी झाडाला नाही नाही ते बोललो, आणि मागे वळलो तर कुंपणापलीकडे शेजारची दंतवैद्यीण टॉवेल हातात धरून उभी. तेव्हापासून ती मला दातांच्या तपासणीला बोलावत नाही. तुमची भावजय दारातून एवढंच म्हणाली, “कुऱ्हाड तेवढी आता नका हातात घेऊ.” (यावरही येतोच.)

शेवटी रोपवाटिकेतला माळी आणला. त्याने झाड पाहिलं, आजूबाजूला पाहिलं आणि विचारलं, “याचा जोडीदार कुठंय?” मग मला शाळेतल्या पोरासारखं समोर बसवून सांगितलं, की नासपतीला सहसा स्वतःचा पराग चालत नाही, दुसऱ्या जातीचं झाड जवळ हवं, तेही त्याच दिवसांत फुललेलं, म्हणजे माश्या इकडचं तिकडे करतात आणि दोघांनाही फळ धरतं. हे तुम्ही मला जेवताना शंभरदा सांगितलं असणार. पण तुम्ही चाळीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलंत आणि ते सगळं जेवतानाच शिकवलंत, त्यामुळे माझं अर्धं लक्ष आमटीत असायचं. चूक माझी नाही, वेळापत्रकाची आहे.

आता तुमच्या झाडाबद्दल. तुम्ही दर पत्रात त्याची चौकशी करता आणि मी दर पत्रात खुशाली कळवतो. पहिल्या वर्षी मी लिहिलं, की फळं झाडावरच पिवळीधमक पिकली. तुमचं उत्तर आलं, की नासपती झाडावर ठेवली तर आतून, गाभ्याकडून सडते, म्हणून कडक असतानाच उतरवून घरात पिकवायची असते. शिवाय तुमच्या झाडाची जात पिकली तरी हिरवीच राहते, तेव्हा झाडाचं अभिनंदन. मी चष्म्याचा दोष सांगून वेळ मारून नेली. दुसऱ्या वर्षी तुम्ही फळंच मागितलीत. मी पाठवली. तुम्ही लिहिलंत, की या फळात दाताखाली येणारी ती वाळूसारखी कचकच फारच कमी आहे, आणि एका फळावर गोल चिकटपट्टी आहे. झाड आता स्वतःच लेबल लावायला लागलं असेल तर शास्त्राला कळवायला हवं. शेजारच्या पोरीचा खेळ, असं मी कळवलं. तिसऱ्या वर्षी मी नुसतं “भरपूर” एवढंच लिहिलं. आणि आता तुम्ही फांदी मागता!

तरी मी फांदी कापली होती, दादा. परसातल्या त्याच जागेवर, त्याच बुंध्यातून फुटलेली, छान सरळ, पेन्सिलीच्या जाडीची. फडकंही ओलं केलं. मग माळ्याला दाखवली, तर तो हसायला लागला. तिला हे एवढाले काटे. म्हणाला, हे कलमाच्या सांध्याखालून आलंय, हा फुटवा खालच्या जंगली मुळाचा आहे. यावर यायचीच झाली तर लिंबाएवढी तुरट फळं येतील. आणि मग त्याने विचारलं, “सांध्याच्या वरचं झाड कुठंय?” मी त्याला पाणी हवंय का विचारलं. फांदी अजून निघाली नाही, ती अशी.

बाकी सर्व क्षेम. थंडी ओसरतेय. प्रकृतीला जपा.

तुमचा आज्ञाधारक (बहुतेक वेळा) धाकटा

ता. क. : सांध्याच्या वरचं झाड नाही. मीच तोडलं. तुम्ही गेलात त्याच्या पुढच्याच महिन्यात. वास माझ्या खिडकीत यायचा, पानं माझ्या गटारीत पडायची, ही कारणं मी तेव्हा सगळ्यांना सांगितली. खरं कारण हे, की तुमच्या झाडाची सावली माझ्या झाडावर पडायची आणि मला वाटलं, ती गेली की माझं दुप्पट फळेल. आलेगेले तुमच्याच झाडाचं कौतुक करायचे, तेही होतंच. तुम्ही वहिनीसोबत लावलेलं झाड होतं ते. मला लाज वाटते, दादा. त्याच लाजेपोटी तीन वर्षं खोटं लिहीत राहिलो.

ता. क. २ : माळी म्हणतो, जंगली मूळ जिवंत आणि दणकट आहे, त्यावर कलम धरेल. मी स्वतः सात बांधली, सातही वाळली. हात तुमचाच लागतो. तेव्हा लेकीच्या झाडाची फांदी ओल्या फडक्यात घेऊन, कलमाचा चाकू घेऊन, तुम्हीच या. परत जाताना माझ्या झाडाची फांदी न्या. दोन्हीकडे फळ धरेल. रागावायचं असेल तर इथे येऊन रागवा. खोली झाडून ठेवली आहे.

भाऊजी, नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्या हातात देऊन हे डेपोत गेलेत, म्हणून दोन ओळी. तुमची अट होती, “त्याने आपल्या तोंडाने सांगितल्याशिवाय मी त्या परसात पाऊल ठेवणार नाही.” सांगितलं हो शेवटी. आता बॅग भरा. फक्त, झाड पडलं त्याच संध्याकाळी मी तुमच्या लेकीला फोन केला होता, हे यांना कधीच कळू देऊ नका. तीन वर्षं बिचाऱ्यांनी फार मेहनतीने नासपत्या पिकवल्यात.