उतरलेल्या भावाचे शेअर

सर, आज मी तुमच्याविरुद्ध गेले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी घरी आल्यावर पहिल्यांदा सांगावंसं वाटलं ते तुम्हालाच.

गंगापूर रोडच्या तुमच्या ऑफिसात मी हिशेब लिहायला नवीच लागले होते. एका ग्राहकाचे शेअर चढले म्हणून मी ती वाढ नफ्यात धरली. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "काय गं, विकलेत का त्यांनी? मग नफा आला कुठून? ज्या किमतीला घेतले त्याच किमतीला लिहायचे." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण पटलं. मग तुम्ही खुर्ची ओढून शेजारी बसलात, चहा मागवलात, रोख्यांचं समजावलंत: व्याज हातात आलेलं नसलं तरी जितके महिने झाले तितकं उत्पन्नात धरायचं. शिकवावं तर तुम्हीच. आणि पुढच्याच वर्षी बाजार पडला. त्याच ग्राहकाने लवकर विकायचे म्हणून घेतलेले शेअर निम्म्यावर आले. अशा शेअरचा तोटा न विकताही लिहावा लागतो, पण तेव्हा मात्र तुम्ही म्हणालात, "हे आता दीर्घ मुदतीचे दाखव. ठेवायला घेतलेत म्हटलं की उतरलेला भाव लगेच लिहावा लागत नाही." मी म्हटलं, "पण सर, घेतले होते विकायलाच ना?" तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "तू हिशेब लिहायला आलीस की न्यायनिवाडा करायला?" ते अजून सलतं.

आता मी सातपूरच्या कामगारांच्या एका संस्थेचे हिशेब बघते. ते दरमहा पगारातून पैसे टाकतात आणि निवृत्त झाले की आपला वाटा घेऊन जातात. यंदा संस्थेचे शेअर सपाटून आपटले. आज अध्यक्ष अगदी तुमच्याच सुरात म्हणाले, "मॅडम, ते दीर्घ मुदतीचे करून टाका ना. वाढतील परत. लोकांना कशाला घाबरवायचं?" मी म्हटलं, "करा खुशाल, पण आजच्या उतरलेल्या भावानेच करावे लागतील. जुना भाव मी लिहिणार नाही. आत्ता निवृत्त होणारे जुन्या भावाने वाटा नेतील आणि सगळा तोटा मागे राहिलेल्यांच्या बोकांडी बसेल." ते म्हणाले, "मग आम्हाला दुसरं कोणी बघावं लागेल." मी म्हटलं, "बघा." तोटा धरून ताळेबंद केला, त्यांच्या टेबलावर ठेवला आणि निघून आले. नोकरी राहील असं वाटत नाही. जाऊ दे गेली तर.

विकल्याशिवाय नफा लिहायचा नाही, हे तुमचं मी मरेपर्यंत पाळीन. तोटा झाकायचा, हे मात्र मी तेव्हाही मानलं नव्हतं आणि आजही मानत नाही. मी हिशेबच लिहायला आले होते, सर. तुम्हाला तो निवाडा वाटला, यात चूक माझी नव्हती.

हे पत्र टाकणार तरी कुठे? राहील इथेच. एवढं मात्र खरं, की आज समोरच्या खुर्चीत तुम्ही असता, तर माझ्या तोंडून शब्द फुटला नसता.