गॅलरीतला लाल टॉवेल

प्रिय आई,

वाकून नमस्कार. वाकताना गुडघे दुखत नाहीत, हे आधीच सांगते.

शर्यत पुढच्या महिन्यात आहे. सरावाला लांब जात नाही, बिल्डिंगभोवतीच धावते. छकुली उठली की हे गॅलरीत लाल टॉवेल टाकतात आणि मी वर येते. तेव्हा तू काळजी करू नकोस.

काल धावताना टॉवेल दिसला. तीन मजले धापा टाकत चढले, तर पोरगी गाढ झोपलेली. मला मदत म्हणून ह्यांनी न सांगताच कपडे वाळत घातले होते, त्यात तोही. ओरडावं की कौतुक करावं, कळेना. म्हणाले, "जा, राहिलेल्या फेऱ्या मारून ये." गेले, पण नजर सारखी वरच.

हल्ली बसल्या बसल्या डोळा लागतो, पण जेवते पोटभर. खरं सांगू? धावताना कुणी हाक मारत नाही, तेवढंच बरं वाटतं. बाबांचा खोकला कसा आहे?

एक विचारायचंय, हे बाबांना वाचून दाखवू नकोस. आम्ही लहान असताना तू सकाळी दूध आणायला जायचीस. दुकान कोपऱ्यावर, आणि यायला अर्धा तास. चहाला उशीर झाला म्हणून बाबा कुरकुरायचे, तू म्हणायचीस, रांग होती. काल धावताना एकदम आठवलं, त्या दुकानात रांग कधीच नसायची.

कुठपर्यंत जायचीस गं?

तुझी,
धाकटी