सकाळपुरता समेट

४ मार्च

आली! काय तोंड घेऊन आली कोण जाणे, पण आली. दारात उभी, हातात फळांची पिशवी. "काकू, ओळखलंत ना?"

न ओळखायला काय झालं? ह्यांच्या हाताखाली शिकली. ह्या घरात जेवली. ताप आला तेव्हा माझ्याच पलंगावर निजली. तेव्हापासून मी तिला शिष्योत्तमा म्हणते. पूर्वी कौतुकाने म्हणायचे.

ह्यांना जाऊन पुरतं वर्षही झालं नव्हतं तेव्हा हिने लेख छापला — सरांचं चुकलं म्हणून. जिवंतपणी बोलायची छाती झाली नाही. मेलेला माणूस उलट उत्तर देत नाही, ही केवढी सोय!

पिशवी घेतली नाही. पाणी दिलं. पाण्याला नाही म्हणता येत नाही.

५ मार्च

काल रागाच्या भरात तिला काय हवंय तेच लिहायचं राहिलं. तिला आमचं झाड हवंय. मागच्या गॅलरीसमोरचं.

त्या झाडावर काळ्या मुंग्यांचं घरटं आहे. फुटबॉलएवढं, वाळक्या चिखलाच्या गोळ्यासारखं, फांदीला चिकटलेलं. तांबडा सुतार पक्षी वर्षभर ह्याच मुंग्या खातो, आणि अंडी घालायची वेळ आली की त्यांच्याच घरट्याला भोक पाडून आत संसार थाटतो. काय म्हणावं ह्या निर्लज्जपणाला! मुंग्या पिल्लांची चाळण करतील असं कुणालाही वाटेल. करत नाहीत, असं ह्यांनी सांगितलं. पिल्लं उडेपर्यंत पक्षी त्या घरट्यातल्या मुंग्यांना चोच लावत नाही आणि मुंग्या पिल्लांना शिवत नाहीत. ह्यांनी त्याला नाव दिलं — समेट. आता तो शब्द पाठ्यपुस्तकात आहे, शेजारी ह्यांचं नाव. आयुष्यभराचं काम, सगळं ह्याच एका झाडावरचं, गॅलरीतल्या खुर्चीत बसून केलेलं.

शिष्योत्तमेने सुट्टीत रानात जाऊन दुसरी झाडं पाहिली. तिथे पिल्लं चावलेली, मेलेली. लोक तिला म्हणाले, तुझी झाडं वेगळी असतील, सरांचं झाड बघ. म्हणून आता सरांचं झाड!

"मला फक्त बघायचंय, काकू."

बघायचंय म्हणे. घरात शिरून घरच्याच माणसाचे वाभाडे काढायचे, ह्याला बघणं म्हणतात?

६ मार्च

वन्संना विचारलं. खालच्या खोलीत राहतात, ह्यांच्याहून मोठ्या, कान गेले पण जीभ शाबूत. "झाडूने हाकल!" म्हणाल्या. "माझ्या भावाच्या जिवावर मोठी झाली आणि त्याच्याच नावाला काळं फासते!"

मी उलटा विचार केला. येऊ दे. बसू दे ह्यांच्या खुर्चीत. स्वतःच्या डोळ्यांनी समेट बघू दे आणि थोबाडीत बसल्यासारखी परत जाऊ दे.

फोन केला. अटी घातल्या. यायचं ते सरांच्या वेळेला — उजाडल्यावर. सर कॉलेजला निघायचे तेव्हा उठायचं. दुपारी अजिबात नाही, दुपार माझी आहे. फांदीला हात लावायचा नाही. चहा मिळणार नाही.

"चालेल," म्हणाली. इतक्या पटकन म्हणाली की अजून दोन अटी घालायला हव्या होत्या.

११ मार्च

सुतार आले! जोडीने. सकाळपासून घरट्यावर टकटक. हे असते तर मला झोपेतून हलवून उठवलं असतं — "अगं, आली मंडळी!" मी ओरडले असते, दात तर घासू द्या. कुणीच हलवलं नाही. मी आधीच जागी होते.

१४ मार्च

चहा दिला नाही.

१९ मार्च

आज तोंडाला तोंड लागलं. ती म्हणाली, "काकू, सरच सांगायचे, जी गोष्ट फार आवडते तिच्यावर आधी संशय घ्या."

"मग त्यांनी तुझ्यावर घ्यायला हवा होता. फार आवडती होतीस."

दुर्बिणीची काच पुसत बसली, पुसून पुसून झिजवली. वन्सं जिन्यातून ओरडल्या, "काय म्हणाली गं, वहिनी? मोठ्याने सांग!" दोनदा मोठ्याने सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना तेवढी मजा आली नाही.

२६ मार्च

तिचा लेख वाचला. शब्दकोश मांडीवर घेऊन, तीन दुपारी.

माझी शाळा लवकर सुटली. वाचायला मी ह्यांच्या कपाटापुढे शिकले. हे कॉलेजला गेले की मागची दारं लावायची, पुढच्या खोलीत पंख्याखाली पुस्तक घेऊन बसायचं. आधी चित्रं, मग चित्रांखालच्या ओळी, मग सगळंच. ह्यांना वाटायचं, मी झोपते. मीही सांगितलं नाही. संध्याकाळी "झाली का झोप?" विचारायचे. "झाली" म्हणायचे.

लेख वाईट असता तर बरं वाटलं असतं. स्वच्छ आहे. कुठे आगाऊपणा नाही. शेवटी आभार — "सरांनी बघायला शिकवलं." आभार मानून गळा कापायची ही नवी रीत!

२ एप्रिल

पिल्लं आहेत आत. चोचा दिसतात. मुंग्या सालीवरून खाली-वर, भोकाला वळसा घालून जातात. एक आत शिरेल तर शपथ. मी तिच्या खुर्चीमागे उभी राहून मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "समेट!"

तिचा चेहरा पडायला हवा होता. पडला नाही. पक्की आहे.

७ एप्रिल

ह्यांचा वाढदिवस. काही केलं नाही. खुर्चीवरची गादी उन्हात घातली.

समेट हा शब्द आधी आमचा होता. भांडण झालं की हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहायचे. "समेट?" मी भांडी आपटत राहायचे. परत, "समेट?" मग मी म्हणायचे, "बरं." मागाहून तो मुंग्यांना दिला. मला विचारलंही नाही. छापून आल्यावर दाखवला आणि लाजले — एवढा मोठा माणूस!

आता घरात भांडायला कोणी नाही. म्हणजे वन्सं आहेत, पण त्यांना ऐकू येत नाही.

११ एप्रिल

जिंकलो!

ती स्वतःच म्हणाली. "पिल्लं दोन-चार दिवसांत उडतील, काकू. मला एकही चावा दिसला नाही. जे दिसलं तेच लिहिणार. सरांच्या झाडावर समेट आहे. माझा लेख मी मागे घेते."

वन्संना कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं. टाळ्या वाजवल्या त्यांनी!

आज चहा दिला. साखर घालायला विसरले. मुद्दाम.

१२ एप्रिल

लिहायचं नव्हतं. तरी लिहिते.

दुपारी वाचनात मन लागेना. जिंकल्यावर काय करायचं ते समजत नव्हतं. ती गेल्यावर खुर्चीची गादी पुन्हा उन्हात घातली होती ती आठवली, म्हणून मागचं दार उघडलं. ऊन असं की कठड्याला हात लावता येईना. झाडाकडे पाहिलं — सालीवर एक मुंगी नव्हती. एकही! सकाळी वाहणारी ती सगळी रांग गेली कुठे?

आत. उन्हाने भाजून सगळ्या आत, घरट्यात. पिल्लांपाशी.

ह्यांची दुर्बीण आणली. एक पिल्लू भोकाच्या तोंडाशी येऊन किंचाळत होतं. पापण्यांना मुंग्या लटकलेल्या, पायांना मुंग्या. आई आली. एक-एक ओढून काढायला लागली आणि काढलेली गिळायला लागली. ती काढतेय, त्या चढताहेत. कसला समेट! उघड उघड मारामारी! दुसरं पिल्लू धक्क्याने की वेदनेने, खाली पडलं.

चपला न घालता उतरले. मेलं होतं. डोळ्याच्या कडेला मुंग्यांची डोकी, नुसती डोकी, धड तुटूनही चावा न सोडलेली. केरभरणीत घेतलं आणि वर आणलं.

हे सकाळी बघायचे आणि कॉलेजला जायचे. परत येईपर्यंत उन्हं कललेली, मुंग्या पुन्हा सालीवर. सुट्टीच्या दिवशी जेवून झोपायचे. खोटं काही लिहिलं नाही ह्यांनी. फक्त दुपार कधी पाहिली नाही. झाडाची नाही. माझीही नाही.

आणि तिला दुपारी यायचं नाही म्हणून कोणी सांगितलं? मी!

१३ एप्रिल

पिल्लू प्लास्टिकच्या डब्यात, डबा बर्फाच्या कप्प्यात, मटारांच्या पिशवीशेजारी. वन्संनी बघितलं. "टाक ती घाण. कोणाला कळतंय?"

खरंच, कोणाला कळतंय? उरलेलं पिल्लू सकाळी उडालं. ती शेवटची आली होती; दुसरं कालच उडालं असं समजली. दुर्बिणीची तिपाई आवरली, खुर्ची पुसली, मला म्हणाली, "येते, काकू. उद्या लेख मागे घेतल्याचं कळवते." मी मान हलवली.

नुसतं गप्प बसायचं. एवढंच काम. गप्प बसलं की पुस्तकात समेट राहतो, शेजारी हे राहतात. बोलले तर शब्द पुसणार, आणि नाव काय तिथे एकटं उभं राहणार आहे? दुसऱ्यांदा न्यायचं का ह्यांना, आणि तेही माझ्याच हाताने?

हे असते तर — नको. ते नाहीत. ठरवायचं मला आहे.

एक सांगते, कागदा. गप्प बसून ज्यांना ठेवीन ते हे नसतील. ह्यांच्या नावाचा दुसराच कोणीतरी असेल, दुपार नसलेला. त्याच्याशी मी संसार केलेला नाही.

आणि तरीही ती मला आवडत नाही. जिंकू दे. बोलणार नाही पुन्हा तिच्याशी.

१४ एप्रिल

सकाळीच फोन केला. म्हटलं, "मागे घेऊ नकोस. तुझंच खरं आहे. दुपारी ये, डब्यात ठेवलंय, दाखवते."

पलीकडे रडणं. जिंकल्याचं असेल म्हणून मी फोन ठेवणार, तेवढ्यात म्हणाली, "काकू, निदान तुमच्या झाडावर तरी सर खरे निघतील म्हणून आले होते हो मी."